दूरव्यवस्थापनाची चिकित्सा : ताबा, मालकी आणि संमती

१

यंत्राची परीक्षा त्याच्या वेगावरून व किमतीवरून करण्याची प्रथा रूढ आहे. कचेरीतील संगणकाच्या बाबतीत ही प्रथा अपुरी पडते. कारण हे यंत्र केवळ काम करीत नाही. झालेल्या कामाची साक्षही तेच देते. कास्तकाराच्या सातबाराचा उतारा, विद्यार्थ्याची गुणपत्रिका, बाजार समितीत आलेल्या कापसाची नोंद, जन्ममृत्यूचा दाखला, ही सर्व ज्या यंत्रातून बाहेर पडतात त्या यंत्रावर अखेरचा अंमल कोणाचा चालतो, हा प्रश्न अभियंत्याइतकाच नागरिकाचाही आहे.

व्यावसायिक उपयोगासाठी बनविलेल्या डेस्कटॉप संगणकांत २००५-०६ पासून एक विशेष सोय अंगभूत होऊन येऊ लागली. यंत्रासमोर न बसता, किंबहुना यंत्र ज्या गावी आहे त्या गावी न जाता, ते चालू करावे, बंद करावे, त्याचा पडदा पाहावा, कळफलक चालवावा आणि बिघडले असल्यास नीट करावे, अशी ही सोय आहे. तिला दूरव्यवस्थापन म्हणतात. तिच्याविषयी जे लिहिले जाते ते बहुधा दोन प्रकारचे असते : एक विक्रेत्याची स्तुती, दुसरी सुरक्षातज्ज्ञाची भीती. स्तुती वाचलेल्या वेळेचा हिशेब मांडते. भीती बाहेरून येणाऱ्या चोराचा विचार करते. यंत्रासमोर नित्य बसणारा जो कारकून, तो या दोन्हींत कोठेच नसतो. प्रस्तुत लेखात ही सोय त्याच्या बाजूने तपासावयाची आहे.

ही तपासणी अमरावती आणि अकोला यांच्या संदर्भात करण्यास कारण आहे. वऱ्हाडाला अंतराचा त्रास ठाऊक आहे, म्हणून दूरव्यवस्थापनाची गरज येथे खरी आहे. शिवाय दूरच्या ठिकाणाहून चालविलेल्या कारभाराचा सुमारे शतकभराचा अनुभव या प्रांताच्या गाठीला आहे, म्हणून त्या गरजेची किंमत काय पडते हेही येथे चांगले कळते.

२

प्रथम शब्दाकडे पाहणे प्राप्त आहे. ‘व्यवस्था’ या शब्दात वस्तू आपापल्या जागी लावून ठेवण्याचा भाव आहे. त्यामुळे ‘दूरव्यवस्थापन’ हा शब्द कानाला निरुपद्रवी वाटतो. कोणी भला माणूस दुरून घर आवरून देत आहे, एवढाच बोध त्यातून होतो. ज्या इंग्रजी शब्दासाठी तो योजिला गेला त्याची कुळी मात्र निराळी आहे. ‘मॅनेज’ हा शब्द इटालियनमधून आला. तेथे त्याचा संबंध घोडा हाताळण्याशी व त्याला वळण लावण्याशी होता, आणि त्याच्या मुळाशी ‘हात’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. म्हणजे मूळ कल्पनेत हात आहे, लगाम आहे आणि लगामाखाली एक प्राणी आहे. मराठीत येताना लगाम गळून पडला आणि व्यवस्था तेवढी उरली.

मराठीपाशी या विषयाचे शब्द कमी होते असे नाही. जमीनजुमल्याच्या व्यवहाराने ते फार बारकाईने घडविले आहेत. देखरेख करणारा पाहतो, पण हात लावीत नाही. मुखत्यार दुसऱ्याच्या वतीने हात लावतो. परंतु त्याच्यापाशी मालकाचे लेखी मुखत्यारपत्र असते आणि मालकाला ते रद्द करता येते. वहिवाटदाराच्या हाती वस्तू रोजच्या वापरात असते, मग मालकी कोणाचीही असो. ताबा ज्याच्याकडे असतो तो इतरांना वस्तूपासून दूर ठेवू शकतो. हे चार शब्द चार निरनिराळे अधिकार सांगतात, आणि कोर्टात उभे राहिलेल्या कोणत्याही कास्तकाराला त्यांतील भेद समजावून सांगावा लागत नाही.

संगणकाच्या दूरव्यवस्थापनात यांपैकी तीन अधिकार एकत्र बांधलेले आहेत. यंत्रात कोणते भाग आहेत, कोणता प्रोग्राम आहे, हे दुरून पाहणे ही देखरेख झाली. बिघडलेली प्रणाली दुरून नीट करणे ही मुखत्यारी झाली. यंत्र बंद करणे, दुसऱ्याच चकतीवरून ते सुरू करणे, समोर बसलेल्याला बाजूस सारून कळफलक चालविणे, हा ताबा झाला. समोर बसणाऱ्याकडे उरते ती केवळ वहिवाट. एकच शब्द या तिन्हींवर पांघरूण घालतो. देखरेखीचे नाव सांगून ताबा पदरात घालणारा हा शब्द आहे, आणि या सोयीवरील पहिला आक्षेप तिच्या नावावरच येतो.

३

आता सोयीची रचना पाहू. संगणकाचे सामान्य चित्र असे असते : तळाशी यंत्र, त्यावर विंडोज किंवा लिनक्ससारखी कार्यप्रणाली, आणि तिच्यावर कामाचे प्रोग्राम. समोर बसणारा माणूस या मनोऱ्याच्या शिखरावर असून त्याच्या आज्ञा खाली उतरत जातात. दुरून पडदा पाहण्याचे साधे प्रोग्राम या चित्रात बसतात. ते कार्यप्रणालीवर चालतात, तिच्याबरोबर बंद पडतात आणि मनात आणले तर काढूनही टाकता येतात.

हे चित्र बदलण्यास १९९५ च्या सुमारास आरंभ झाला. त्या वर्षी इंटेलने संगणकाच्या पेटीची व वीजपुरवठ्याची ‘एटीएक्स’ ही रचना पुढे आणली. पूर्वीच्या रचनेत दर्शनी खटका थेट वीज तोडीत असे. नव्या रचनेत तो खटका केवळ विनंती करू लागला. यंत्र बंद दिसले तरी पाच व्होल्टचा एक बारीक प्रवाह आत चालूच राहू लागला. त्याच वर्षी एएमडी कंपनीने ‘मॅजिक पॅकेट’ नावाचा संदेश मांडला. नेटवर्कवरून आलेल्या संदेशात सहा ठरावीक बाइट आणि त्यांच्यापाठोपाठ त्या यंत्राचा पत्ता सोळा वेळा आढळला, की झोपलेले यंत्र जागे व्हावयाचे. अवघ्या १०२ बाइटांची ही हाक होय. तिच्यात हाक मारणाऱ्याचे नाव नसते. फक्त ज्याला उठवावयाचे त्याचे नाव असते.

पुढची पायरी मोठी होती. इंटेलने २००५ मध्ये ‘ॲक्टिव्ह मॅनेजमेंट टेक्नॉलॉजी’ आणली आणि २००६ मध्ये ‘व्ही-प्रो’ या नावाखाली तिचा बाजार मांडला. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क, लेनोव्होचे थिंकसेंटर अशा नावांनी जे डेस्कटॉप कचेऱ्यांत आले, त्यांच्या कित्येक प्रकारांत ती होती. तिचे मर्म असे, की मुख्य प्रोसेसरहून वेगळा एक लहान प्रोसेसर यंत्रातच बसविलेला असतो. त्याचा स्वतःचा प्रोग्राम असतो आणि नेटवर्कवर त्याला स्वतंत्र वाट असते. मुख्य कार्यप्रणाली कोसळली, चकती काढून टाकली किंवा यंत्र बंद केले, तरी भिंतीतून वीज येत आहे तोवर तो जागा राहतो. २०१० च्या सहाव्या आवृत्तीपासून पडदा, कळफलक आणि माउस यांचा संपूर्ण ताबाही त्याच्यामार्फत दुरून घेता येऊ लागला. एएमडीच्या यंत्रांतून ‘डॅश’ या सामाईक मानकावर आधारलेली, तुलनेने मर्यादित पण त्याच जातीची सोय मिळते.

म्हणजे मनोऱ्याच्या पायाखाली एक तळघर निघाले. शिखरावर बसलेल्या माणसाच्या आज्ञा तळघरापर्यंत पोहोचत नाहीत. तळघरातील आज्ञा मात्र शिखर हलवू शकतात. ही मांडणी चुकून झालेली नाही. प्रणाली मेलेली असतानाही दुरुस्ती करता यावी, हा उद्देश धरला की दुरुस्ती करणारा प्रणालीच्या बाहेर राहणे अपरिहार्य ठरते. सोयीचे सामर्थ्य आणि तिचा धोका एकाच कारणातून निघतात, हे ध्यानात ठेवूनच पुढे जावयास हवे.

४

या सोयीच्या बाजूने जे म्हणता येईल ते प्रांजळपणे म्हटले पाहिजे. अमरावतीहून परतवाडामार्गे मेळघाट ओलांडून धारणीस जावयाचे तर सुमारे दीडशे किलोमीटरांचा, बराचसा घाटाचा प्रवास होतो. तेथील कचेरीतले यंत्र सुरूच होत नसेल, तर कारागीर येईपर्यंत दाखले अडतात. आणि दाखल्यासाठी आलेला कोरकू शेतकरी त्या दिवसाची मजुरी बुडवून परततो. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाची महाविद्यालये पाच जिल्ह्यांत विखुरलेली आहेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची संशोधन केंद्रे तर विदर्भभर पसरलेली आहेत. अशा संस्थांना जाणकार मनुष्य प्रत्येक ठिकाणी ठेवणे परवडत नाही. एक जाणकार मध्यवर्ती ठिकाणी बसून अनेक यंत्रे सांभाळू शकला, तर त्याचा लाभ शेवटी खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसालाच होतो. दूरव्यवस्थापनाला सरसकट विरोध करणे म्हणजे धारणीच्या माणसाला ताटकळत ठेवणे होय.

१९ जुलै २०२४ ची घटना या दृष्टीने उद्बोधक आहे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने जगभरच्या संगणकांना दुरून पाठविलेली एक सदोष फाइल यंत्रांत शिरताच ती कोसळली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार अशी ८५ लाख यंत्रे होती. कार्यप्रणालीच उभी राहीना, त्यामुळे प्रणालीवर अवलंबून असलेली दुरुस्तीची साधने निरुपयोगी ठरली आणि कितीएक ठिकाणी कारागिरांना यंत्रागणिक फिरावे लागले. ज्यांच्याकडे प्रणालीबाहेरचे दूरव्यवस्थापन आधीपासून लावलेले होते त्यांना ही पायपीट टाळण्याचा मार्ग उपलब्ध होता. सोयीचा याहून मोठा पुरावा मागता येणार नाही. तथापि त्याच घटनेचे दुसरे अंगही पाहिले पाहिजे. रोग आला तोही दुरूनच, विश्वासाने दिलेल्या अधिकाराच्या वाटेने. एका दूरच्या हाताची चूक निस्तरण्यासाठी त्याहून खोलवर पोहोचणारा दुसरा दूरचा हात लागला. अंतर जिंकण्याच्या प्रत्येक साधनाबरोबर चुकीचा पल्लाही वाढतो.

५

येथे वऱ्हाडच्या इतिहासाचा दाखला उपयोगी पडतो. तो केवळ उपमेसाठी घेतलेला नाही. मालकी एकाची, कारभार दुसऱ्याचा आणि वहिवाट तिसऱ्याची, ही स्थिती या प्रांताने कागदोपत्री भोगलेली आहे.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचे जिल्हे ईस्ट इंडिया कंपनीकडे लावून दिले. हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च त्यांच्या उत्पन्नातून भागवावयाचा होता. ‘हैदराबादचे नेमून दिलेले जिल्हे’ असे त्यांचे अधिकृत नाव पडले. पुढे पूर्व वऱ्हाड आणि पश्चिम वऱ्हाड असे दोन भाग करण्यात आले. पूर्वेचे ठाणे अमरावती आणि पश्चिमेचे अकोला. ठाणी येथे असली तरी वरिष्ठ सूत्रे हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हाती होती. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन आणि निजाम मीर महबूब अली खान यांच्यात करार होऊन सालिना २५ लक्ष रुपयांच्या मोबदल्यात हा प्रांत कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला, आणि १ ऑक्टोबर १९०३ पासून त्याचा कारभार मध्यप्रांताच्या चीफ कमिशनरकडे, म्हणजे नागपूरकडे, सोपविला गेला. निजामाचे स्वामित्व मात्र त्याच करारात पुन्हा मान्य करण्यात आले होते. ज्यांच्या शेतांवर हा पट्टा लिहिला गेला त्या वऱ्हाडवासीयांची संमती १८५३ मध्ये कोणी विचारली नाही आणि १९०२ मध्येही विचारली नाही.

हा कारभार वाईट होता असे म्हणता येणार नाही, आणि चिकित्सेच्या दृष्टीने हीच गोष्ट महत्त्वाची आहे. जमिनीची मोजणी व आकारणी झाली, आगगाडी आली, अमरावती-अकोल्याचे कापसाचे व्यापार फोफावले. व्यवस्था लागली; उणीव होती ती अधिकाराच्या मुळाशी. निजामाच्या स्वामित्वामुळे वऱ्हाड हा कायद्याच्या दृष्टीने ब्रिटिश हिंदुस्थानचा भागच नव्हता. म्हणून तेथील कायदे वऱ्हाडाला आपोआप लागू न होता परकीय प्रदेशातील अधिकाराच्या हुकुमांनी लागू करावे लागत. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतरही वऱ्हाडचे मतदार आपले प्रतिनिधी निवडीत, पण कायदेमंडळात ते प्रतिनिधी सरकारनियुक्त म्हणून जात. निवडणूक होती, परंतु तिला स्वतःचे बळ नव्हते. वरून नियुक्तीची मोहोर उमटली की ती फलद्रूप होई. पुढे ऑगस्ट १९४७ मधील अकोला करारात स्वायत्त उपप्रांताची जी कल्पना पुढे आली, तिच्यामागे सत्ता जवळ असावी ही आकांक्षा होतीच.

संगणकातील संमतीची रचना याच्याशी ताडून पाहण्यासारखी आहे. दुरून पडद्याचा ताबा घेण्याआधी समोरच्या माणसाची परवानगी घेण्याची तरतूद इंटेलच्या सोयीत आहे. यंत्राच्या पडद्यावर सहा आकड्यांचा एक संकेत उमटतो. समोर बसलेल्याने तो दूरध्वनीवरून सांगितला तरच दूरच्या माणसाला आत येता येते. ताबा चालू असेपर्यंत पडद्याभोवती रंगीत चौकट लुकलुकत राहते. ही तरतूद स्तुत्य आहे. परंतु सोय कार्यान्वित करण्याच्या दोन रीती आहेत. त्यांपैकी मर्यादित रीतीत ही संमती अनिवार्य असते. पूर्ण अधिकाराच्या रीतीत ती ठेवावी की वगळावी हे व्यवस्थापक ठरवितो. म्हणजे कारकुनाची संमती हा कारकुनाचा हक्क नव्हे. ती व्यवस्थापकाने ठेवलेली एक खूण आहे, आणि ज्याने ठेवली त्याला ती पुसता येते. काढून घेता येणारी संमती ही सौजन्याच्या सदरात पडते. सौजन्य चांगलेच, पण त्याला अधिकाराचे नाव देता येत नाही.

६

दुसरा आक्षेप गुप्ततेचा आहे. तळघरातील त्या लहान प्रोसेसरवर काय चालते, हे यंत्र विकत घेणाऱ्याला पाहता येत नाही. त्याचा प्रोग्राम बंद असतो. २०१७ मध्ये असे उघडकीस आले, की या प्रोसेसरच्या नव्या पिढीत मिनिक्स ही कार्यप्रणाली वापरलेली आहे. मिनिक्सचे कर्ते प्राध्यापक अँड्र्यू टॅननबाम यांनाही याची वार्ता नव्हती. त्यांनी इंटेलला उद्देशून खुले पत्र लिहिले आणि परवान्यानुसार कळविणे बंधनकारक नसले तरी सौजन्य म्हणून कळवावयास हवे होते, असा सौम्य अभिप्राय दिला. जेथे प्रणालीचा कर्ताच अनभिज्ञ, तेथे मूर्तिजापूरच्या कारकुनाने काय जाणावे!

गुप्त लेखन वऱ्हाडाला नवे नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे महास्थान. या पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके जपले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिपीची उकल होईपर्यंत मराठीचे ते आद्य गद्यभांडार बाहेरच्या अभ्यासकांना बंदच राहिले. परंतु तेथील गुप्ततेची दिशा लक्षात घेण्यासारखी आहे. ज्यांचे ग्रंथ त्यांच्याच हाती किल्ली होती. कुलूप होते ते परक्यासाठी. येथे दिशा उलटली आहे. यंत्र ज्याच्या मेजावर आहे, ज्याने त्याची किंमत मोजली आहे, त्याच्यापासूनच यंत्राचा एक भाग कुलूपबंद आहे. बाहेरच्या संशोधकांनी ती कुलपे खटपटीने उघडली तेव्हाच मालकांना आपल्या घराचा नकाशा कळला.

या गुप्ततेचे मोल मे २०१७ मध्ये मोजावे लागले. सहाव्या आवृत्तीपासून तोवरच्या प्रचलित आवृत्त्यांपर्यंत सर्वांत एक दोष असल्याचे त्या महिन्यात जाहीर झाले. दूरच्या माणसाने पाठविलेले उत्तर बरोबर आहे की नाही हे पाहताना, उत्तर जेवढ्या लांबीचे आले तेवढीच अक्षरे ताडून पाहिली जात. कोरे उत्तर पाठविले की ताडावयाचे काहीच उरत नसे. फरक आढळला नाही, म्हणून दार उघडे! पहारेकऱ्याने ‘कोण आहे’ म्हणून विचारावे, बाहेरच्याने गप्प राहावे आणि त्या मौनालाच खुणेचा शब्द मानून कडी काढली जावी, असा हा प्रकार होता. न्यायासाठी हेही नमूद केले पाहिजे, की ज्या यंत्रांत सोय कार्यान्वित केलेली नव्हती त्यांच्यात या वाटेने दुरून शिरता येत नव्हते. पण ज्यांनी ती शिस्तीने लावून वापरली तेच या दोषाला बळी पडण्याजोगे ठरले. शिवाय सुधारणा यंत्र बनविणाऱ्या निरनिराळ्या कंपन्यांमार्फत यावयाची होती. जुनी यंत्रे वर्षानुवर्षे राबविणाऱ्या कचेऱ्यांना तिची वाट पाहणे भाग होते.

मग सोय न वापरणारा तरी सुरक्षित होता काय? जानेवारी २०१८ मध्ये एफ-सिक्युअर या कंपनीच्या संशोधकाने दाखविले, की या सोयीचा मांडणीपट ‘ॲडमिन’ या सर्वज्ञात मूळ पासवर्डने उघडतो आणि तो पासवर्ड कोणी बदललेला नसेल, तर यंत्राजवळ थोडा वेळ एकटा सापडलेला कोणीही मनुष्य सोयीचा धनी होऊन बसू शकतो. यंत्र सुरू करतानाचा नेहमीचा पासवर्डही त्याला अडवीत नाही. हा मुद्दा वऱ्हाडातील लहान कचेऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. यंत्र खरेदी करताना ही सोय त्याबरोबर येते; तिची कोणाला कल्पना नसते, म्हणून कोणी तिचा पासवर्ड बदलीत नाही. न वापरलेला अधिकार नष्ट होत नाही. तो बेवारस राहतो, आणि बेवारस वस्तूवर पहिला हात टाकील तो तिचा मालक होतो. अज्ञानाने सोय बंद होत नाही. ती बंद करावयाची तरी आधी तिचे अस्तित्व माहीत असावे लागते.

७

या साऱ्या मांडणीत एक मनुष्य असा आहे की ज्याचा विचार इंटेलच्या अभियंत्यांनी केला नसावा. तो म्हणजे कचेरीचा शिपाई. संध्याकाळी खिडक्या लावून झाल्या की तो भिंतीवरील बोर्डाचे मुख्य बटण खाली पाडतो, आणि त्या क्षणी तळघरातील पाच व्होल्टचा दिवाही विझतो. मॅजिक पॅकेटची हाक मग कोणाच्याच कानी जात नाही. ही सवय अडाणीपणाची नाही. पंचेचाळीस अंशांपुढे जाणारा अकोल्याचा उन्हाळा, मृगाच्या आधीचा विजांचा कडकडाट, तारा तापून लागणाऱ्या आगी आणि २००५ नंतरच्या काही वर्षांतील प्रदीर्घ भारनियमन, या सर्वांनी ती शिकविली आहे.

दूरव्यवस्थापनाच्या दृष्टीने हा अडथळा होय, आणि तो दूर करण्यासाठी यंत्रांची वीज रात्रीही चालू ठेवण्याची सूचना दिली जाते. सूचना तर्काला धरून आहे. परंतु तिचा दुसरा अर्थही वाचावयास हवा. ‘बंद’ या शब्दाचा अर्थ यंत्रात १९९५ नंतर बदलला. भिंतीवरच्या बटणापाशी मात्र तो जुनाच राहिला आहे. यंत्राजवळच्या माणसाच्या हाती खात्रीने उरलेला हा एकमेव नकार आहे. तो काढून घ्यावयाचा असेल तर त्याच्या बदल्यात दुसरा, अधिक सोयीचा नकार त्याला दिला पाहिजे. आजच्या रचनेत तशी देवाणघेवाण होत नाही. घेतले जाते तेवढेच.

८

अखेरचा आणि सर्वांत गंभीर मुद्दा जबाबदारीचा आहे. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. वऱ्हाडात जुनी माणसे ज्याला अजूनही पटवारी म्हणतात, त्या गावपातळीवरच्या महसूल कर्मचाऱ्याची स्वाक्षरी आता शाईची राहिली नसून गुप्त कळीची झाली आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या ४२ व्या कलमानुसार आपल्या कळीवर ताबा राखण्याची वाजवी काळजी स्वाक्षरीकर्त्याने घ्यावयाची असते; आणि ती कळ दुसऱ्याच्या हाती गेल्याचे प्रमाणकर्त्या संस्थेला कळवीपर्यंत जबाबदारी त्याच्यावरच राहते.

कायद्याची ही अपेक्षा अन्याय्य नाही. कळ स्वतंत्र टोकनमध्ये असते, तिला निराळा अंकसंकेत असतो, म्हणून यंत्राचा ताबा घेणाऱ्याला स्वाक्षरी आयतीच मिळते असेही नाही. परंतु ज्या यंत्राला ते टोकन जोडलेले आहे त्याचा पडदा आणि कळफलक यांवर दुसऱ्याचा हात, कर्मचाऱ्याला न विचारता, चालू शकत असेल, तर ‘वाजवी काळजी’ हे शब्द त्याच्या बाबतीत पोकळ होतात. जो ताबा आपल्याकडे नाही, आणि नाही हेही ज्याला सांगितलेले नाही, तो त्याने राखावा कसा? उद्या एखाद्या फेरफारावरून वाद उभा राहिला आणि त्या दिवशी यंत्रावर कोण होते असा प्रश्न आला, तर वहिवाटदाराकडे बोट दाखविणे सोपे असते. कारण तळघराची नोंदवही त्याच्यापाशी नसते. अधिकार वर आणि जबाबदारी खाली, ही वाटणी दूरवरच्या कारभाराची जुनी खोड आहे. यंत्राने ती निर्माण केलेली नाही; पण तिला आपल्या रचनेत कायमची जागा करून दिली आहे.

तथापि चिकित्सेचा शेवट निषेधात करण्याचे कारण नाही. आक्षेपांची बरीचशी उत्तरे या सोयीतच उपलब्ध आहेत. ती योजण्याची इच्छा मात्र लागते. सार्वजनिक नोंदी ज्या यंत्रांवर होतात तेथे सहा आकड्यांच्या संकेताची संमती कायम ठेवावी. ती वगळण्याचा अधिकार व्यवस्थापकाच्या एकट्याच्या हाती नसावा. दूरप्रवेशाच्या नोंदी व्यवस्थापकाहून वेगळ्या व्यक्तीने तपासण्याची तरतूद इंटेलच्या सोयीत आहे. ती वापरावी आणि ही वेगळी व्यक्ती खरोखरच वेगळ्या खात्याची असावी. जेथे सोय वापरावयाची नाही तेथे यंत्र मेजावर येण्यापूर्वीच मूळ पासवर्ड बदलून ती बंद करावी, आणि तसे केल्याचा लेखी दाखला खरेदीच्या कागदांत जोडावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या यंत्राचा ताबा दुरून घेता येतो, तो कोण घेऊ शकतो आणि तो घेतला गेल्याची खूण कोणती, हे समोर बसणाऱ्याला स्वच्छ मराठीत लिहून द्यावे. मुखत्यारपत्राशिवाय मुखत्यार नाही, हा नियम शेताच्या बांधाला लागू पडतो. तो मेजावरच्या यंत्राला लागू न पडण्यास काही सयुक्तिक कारण दिसत नाही.

१९०२ च्या करारात रक्कम होती, मुदत होती, स्वामित्वाचा गौरवपूर्ण उल्लेखही होता. फक्त वऱ्हाडातला माणूस नव्हता. दूरव्यवस्थापनाच्या कोणत्याही योजनेची परीक्षा करताना ती किती जलद, किती स्वस्त आणि किती सुरक्षित आहे हे अवश्य पाहावे. पण तिच्या कागदपत्रांत यंत्रासमोर बसणाऱ्या माणसाचे नाव कोठे आले आहे, हे आधी पाहावे. ते आढळले तर योजना व्यवस्थेच्या नावास पात्र ठरेल. न आढळले तर तो पुन्हा एकदा, न विचारता लिहून दिलेला पट्टाच होय.